पिहलाच्या प्रमोशनसाठी सॉनात

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून पिहलासाठी लढायचं. आमच्या बेकरीची भट्टी इतकी वर्षं तीच सांभाळते, पण शिफ्ट मॅनेजरच्या खुर्चीत दरवेळी पुरुषच. बिचारी तोंडातून ब्र काढत नाही. तिच्या डोळ्यांतलं मला बरोबर कळतं. आज म्हणाली, "तोपियास, माझ्याकडे काय बघतोस? पावांकडे बघ, जळतायत." किती सूचक!

५ नोव्हेंबर
प्लॅन पक्का. आमच्याकडे खरे निर्णय मीटिंगमध्ये होतच नाहीत, शुक्रवारी कंपनीच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या खोलीत होतात, घाम गाळताना. आधी बायकांची वेळ, मग पुरुषांची. म्हणजे पुरुष ठरवणार तेव्हा पिहला घरी! मी असेन ना. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून काय झालं, बोलता येतं. फक्त डोकं शांत ठेवायचं.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
शांत ठेवलं. पहिली दोन वाक्यं. मग ओस्मो, आमचा रिटायर होणारा मॅनेजर, हसला. सटकली माझी. वरच्या बाकावर उभा राहून ओरडलो, पिहला लाजाळू आहे, तिच्या वतीने मी मागतोय! आणि पाण्याची अख्खी बादली तापल्या दगडांवर ओतली. वाफेने सगळे बाहेर पळाले. सगळ्यात पुढे मी, पण ते मुद्दाम.

बाहेर बर्फात ओस्मो म्हणाला, "अरे बाबा, हेल्काबाई डायरेक्टर झाल्यापासून आपल्या वेळेत नुसता घाम निघतो. ठरतं ते बायकांच्या वेळेत. पिहला मघाशीच मॅनेजर झाली."

म्हणजे मी नुसता प्लॅन केला तरी काम होतं!

८ नोव्हेंबर
पॅकिंगवाल्या पोरांना फोन करून यामागे कोण आहे ते सांगितलं. नम्रपणे.

१० नोव्हेंबर, सोमवार
मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावणं. शर्टाला इस्त्री केली. केक नेला.

पिहला म्हणाली, "मी लाजाळू? अरे, दर वेळी मागितलं, दर वेळी नाही म्हणाले. या वेळी हेल्काशी समोरासमोर भांडून मिळवलं. आणि आज पॅकिंगवाले अभिनंदन कोणाचं करतायत? तुझं!"

सॉरी म्हणालो. अगदी मनापासून. तिने ऐकून घेतलं आणि मला दुसऱ्या शिफ्टला टाकलं.

दारात थांबून विचारलं, प्रेम कामाच्या आड येऊ नये म्हणून का?

"कोणाचं प्रेम?" म्हणाली.

चिडली नव्हती. खरंच विचारत होती.