निकेशच्या डाव्या कानात

११ एप्रिल २००५, सोमवार. मूल गाव, जि. चंद्रपूर. सकाळी ६.
नित्यपाठ झाला. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला आहे. ऑपरेशन दिवाळीनंतर. म्हणजे येत्या श्रावणात देवळातली पोथी माझ्या डोळ्यांनी वाचली जाणार नाही. ही वार्ता देवळाच्या कमिटीपर्यंत पोचली असावी, कारण हरिदास आता माझ्याही आधी देवळात येऊन सतरंजी झटकतो. हरिदास हा माझाच जुना विद्यार्थी. नाकातून वाचतो. एवढा सेवाभाव एकाएकी कुठून आला?
संकल्प: पोथीवाचनाचे व्यासपीठ घराबाहेर जाऊ द्यायचे नाही. मुलीचा मुलगा निकेश याला श्रावणापूर्वी तयार करणे. आवाज उत्तम आहे. केस तेवढे कापावे लागतील.

१३ एप्रिल.
निकेश चंद्रपुराहून आला. लग्नसराई संपेपर्यंत मुक्काम इथेच. तो एका रॉक बँडचा गायक आहे. रॉक म्हणजे, त्याच्या सांगण्यानुसार, मनातले दुःख ओरडून सांगणे. (आमच्या काळी ते मनातच ठेवण्याची पद्धत होती.) रॉक ऐकणारे लोक आपल्या भागात कमी, म्हणून तो साइडला डीजे करतो. विचारले तेव्हा म्हणाला, “आबाजी, गाणं मेन हाये, डीजे साइड हाये.” मनुष्य ज्याला साइड म्हणतो तेच बहुधा मेन असते. नजर ठेवणे.

१४ एप्रिल.
सामान तपासले. सहज. दोन सीडी प्लेअर, मधे बटणांची पेटी, वायरींचे भेंडोळे, कानाला लावायचे मोठे यंत्र. बाटली नाही. कुठल्या पोरीचा फोटो नाही. एवढे निर्दोष सामान मी आजवर पाहिलेले नाही. संशय येतो.
आमची पत्नी भागीरथा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “पोराच्या झोऱ्यात काय शोधून राह्यले जी? मोक्ष?” झोरा होता तसा बांधून ठेवला.

१९ एप्रिल.
सावली गावी एका विद्यार्थ्याच्या मुलीचे लग्न. निकेशचाच डीजे. वराती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे नाचत होते. हे जे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक आहे त्यात शब्द जवळजवळ नसतात. छातीच्या आत कोणी उखळ कांडत असल्याचा अनुभव येतो. पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. निकेश गायक असून एक ओळही गायला नाही. आणि ते कानाचे यंत्र त्याने एकाच, डाव्या, कानाला लावले होते. उजवा कान मोकळा. ओठ हलत होते. डोळे मिटलेले.
प्रश्न: सगळ्या वरातीला जे ऐकू येत आहे त्याहून वेगळे असे काय तो एकटा ऐकत होता?

२० एप्रिल.
झोप नाही. कोणीतरी त्याला कानातून सूचना देत असावे. कोण? हरिदासचा पुतण्या टेलिफोन खात्यात आहे. एवढेच लिहून ठेवतो.

२५ एप्रिल. सायंकाळ.
सर्व उलगडले. गेल्या श्रावणात मी माझी पोथी कॅसेटवर भरून घेतली होती आणि तो संच निकेशला दिवाळीत भेट दिला होता. आज जेवताना सहज विचारले, कॅसेटी ऐकतोस का? क्षणभर थांबून म्हणाला, “ऐकतो ना जी. आवाज लय भारी हाये तुमचा.” क्षणभर का थांबला? लोकलज्जा! पोराला भक्ती लपवावीशी वाटते. डावा कान, मिटलेले डोळे, हलते ओठ: बाहेर उखळ, आत पोथी. असा अभ्यास मी कुठल्याही साधकात पाहिलेला नाही.
खात्री करण्यासाठी वैराग्य म्हणजे काय ते विचारले. म्हणाला, “मंजे सोडून देणं... जाऊ देणं, आबाजी.” ताटातली भाजीही त्याने तशीच सोडली. उत्तराची खोली पाहता अधिक विचारले नाही.

१ मे, रविवार.
कमिटीचे अध्यक्ष डोमाजी यांना त्यांच्या राइस मिलवर गाठले. सांगितले, श्रावणात निकेश वाचेल. त्यांनी धानाच्या पोत्यावरून खाली उतरून विचारले, “गुरुजी, तो केसवाला? त्याले संस्कृत येते का जी?” म्हटले, सतत श्रवण चालू आहे. डोमाजी म्हणाले, “मी त त्याच्या डीजेवर नाचलो, मले काई श्रवण दिसलं नाई.” दिसणार कसे? तो आत होता आणि डोमाजी बाहेर.
हरिदास तिथेच उभा होता. “चांगलं होईल, गुरुजी,” एवढेच बोलला. इतका गोड का बोलला?

८ मे.
निकेशला अद्याप काही सांगितलेले नाही. योग्य वेळी सांगेन. पात्र तयार असले की ओतायला वेळ लागत नाही.
भागीरथेचे मत वेगळे. म्हणते, “आधी पोराले इचारा, मंग गावाले सांगा.” स्त्रियांना क्रमाचे फार असते.

१५ मे, रविवार. दुपार.
गावातलेच लग्न. डोमाजी, हरिदास, कमिटीचे सर्वजण वरातीत. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? ट्रॉलीवर चढलो. (दोघांनी मागून ढकलले.) सर्वांसमक्ष निकेशच्या कानावरचे यंत्र काढून माझ्या कानाला लावले.
माझा आवाज नव्हता. धप-धप होती. बाहेरच्यासारखीच, फक्त वेगळी धप-धप. माझा हात कशाला तरी लागला आणि बाहेरची बंद पडली. वरात जागीच थांबली. नवरदेवाचा मामा ओरडला, “अरे बुढ्याले उतरवा ना बे!” हा मामा माझ्या वर्गात होता. त्याला ओळख दिली नाही.
निकेशने यंत्र हळूच परत घेतले आणि समजावले: “आबाजी, पुढचं गाणं असते कानात. लोकं आताचं ऐकतात, मी पुढचं लावाची तयारी करतो. मनात चार-चार मोजतो, मंजे ताल जुळते.” हलत्या ओठांचा जप तो एवढाच.
तरीही नोंद करतो: लोक वर्तमान ऐकतात आणि हा भविष्य. हे द्रष्ट्याचे लक्षण नव्हे काय?

१६ मे.
व्यासपीठाचे विचारले. नाही म्हणाला. उद्धटपणे नाही, माझे पाय दाबत म्हणाला, त्यामुळे रागावताही आले नाही. श्रावणात बँडचा नागपूरला मोठा शो आहे. “मले गायचं हाये आबाजी. डीजे पन त्याच्यासाठीच करून राह्यलो. पोथी मले नाई जमत, खोटं कायले बोलू?” कॅसेटींचे विचारले. एकही पूर्ण ऐकलेली नाही.
पोराला कोणीतरी फितवले आहे.

२३ मे.
मार्ग सुचला. मी वाचू शकत नाही. पण मी वाचलेले आहे! श्रावणात माझ्याच कॅसेटी देवळात लावायच्या. निकेशकडे डीजेचे बॉक्स, म्हणजे मोठे स्पीकर, आहेत. माणूसही नको, डोळेही नकोत, हरिदासही नको. निकेश म्हणाला, “बॉक्स लावून देतो जी, शो सोडून बाकी दिवस.” डोमाजींनी सभेत आधी ऐकू असे सांगितले.
भागीरथेला योजना पटली का ते कळले नाही. बराच वेळ पदराआड तोंड धरून बसली होती.

२९ मे, रविवार. दुपारी ४.
आज रात्री सभा. बॉक्स लागले. मी धूतवस्त्र नेसून समोरच्या हाताच्या खुर्चीवर बसणार. हरिदासची मुद्रा पाहण्यासाठी तीच जागा योग्य. निकाल स्पष्ट आहे. उद्या सविस्तर लिहीन.

३० मे, सोमवार. दुपार.
सभा झाली. मी हजर होतो. तथापि वृत्तान्त भागीरथेकडून घ्यावा लागत आहे.
मला आठवते ते असे. कॅसेट सुरू झाली. चारही बॉक्समधून माझा आवाज, साक्षात मेघगंभीर. मंगलाचरण उत्तम. पहिल्या श्लोकाच्या निरूपणाला सुरुवात झाली. त्यानंतर मी घरी होतो, खुर्चीतच, आणि कोंबडा आरवत होता.
भागीरथा सांगते, “पयले डुलले, मंग घोरले. लोकायले वाटलं कॅसेटीतच हाये घोरणं.” डोमाजी मला उठवायला आले, पण मग तेही शेजारी बसून पेंगले. कोणी गेले, कोणी राहिले. निकेशने कॅसेट पालटली. दुसऱ्या बाजूला मी ढोंगी मनुष्याची लक्षणे सांगितली आहेत आणि उदाहरणादाखल हरिदासचे नाव घेतले आहे. त्याच्या नाकाचेही. हे मी विसरलो होतो.
सगळ्यांनी हरिदासकडे पाहिले. निकेश बटण बंद करायला उठला. हरिदास म्हणाला म्हणे, “बंद नको करू बाबू, एकदम शांत झालं त गुरुजी उठतीन. आवाज कमी कर फकस्त.” मग त्या मंद आवाजात कॅसेट संपेपर्यंत तो माझ्यासमोर सतरंजीवर बसून सगळे ऐकत राहिला. शेवटी हात जोडले. डोमाजींनी जागे होऊन विचारले, श्रावणात कोण? सगळ्यांनी त्याचेच नाव घेतले. वेगळे मत देणारा मी एकटा झोपेत होतो.
मला खुर्चीसकट घरी आणले. पुढून निकेश, मागून हरिदास. पाण्याच्या टाकीपाशी एकदा खाली ठेवून दम खाल्ला, तेव्हा हरिदासने आपला दुपट्टा माझ्या पायांवर घातला. दुपट्टा अजून इथेच आहे.
हे सारे त्याने का केले असावे? हेतू असलाच पाहिजे. सकाळपासून शोधतो आहे. सापडत नाही.