लोण्याची गाय आणि जयश्रीचं स्थळ

ती. धुरपदाताईस, सुरतेच्या लिंबायतहून तुझ्या निंबाचा दंडवत. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही.

जयश्रीला सांगून आलेला कुंदन इथल्या कृषी मेळ्यात आहे, मामा म्हणून गुपचूप बघून ये आणि हो की नाही ते एका शब्दात कळव, असं तू म्हणालीस. ताई, एका शब्दात जमत नाही. (फोनच करणार होतो, पण तुझी भावजय कुसुम शेजारी बसून माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करते.) मुलगा डेअरीत आहे एवढंच तू सांगितलेलं. मला वाटलं, दूध मोजत असेल. बघतो तर काय, काचेच्या गार खोलीत हा बाबा लोण्याची गाय घडवतोय! अख्खी गाय, शेजारी वासरू, आत तारेचा सांगाडा. मेळा संपला की सगळं मोडायचं, म्हणे. आता याला नोकरी म्हणायचं का खेळ? आमच्या लूमवरचं कापड निदान दुसऱ्या दिवशीही कापडच असतं.

त्यात नेमकी वसुबारस, कुसुमचा उपास. आज गाय-वासरू पुजायचं आणि गाईच्या दुधातुपाला तोंड लावायचं नाही, हे तुला मी काय सांगणार. पण गायच लोण्याची असली तर? पुजायची का टाळायची? मला काही सुधरेना. कुसुमला मात्र लगेच सुधरलं. लिंबायतमध्ये गाई ढीगभर, पण वासरासकट एक सापडेल तर शपथ, म्हणून ती सकाळपासून पूजेचं ताट पिशवीत घेऊन हिंडत होती. स्पर्धेचे परीक्षक येणार म्हणून खोलीचं दार उघडं होतं. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत बाई आत! हळदकुंकू वाहिलं, निरांजन पेटवलं आणि वासराच्या तोंडाशी नेऊन इतक्या भक्तीनं ओवाळत राहिली, की वासराचा एक कान घरंगळून ताटात आला. आणि दारात परीक्षक.

मेलो, म्हटलं. मोडलं स्थळ. पण कुंदननं आधी कुसुमचा पदर निरांजनापासून बाजूला केला, मग कान उचलून चिकटवला. तो लोंबायलाच लागला, तर परीक्षकांना म्हणतो कसा, "वासरू आत्ताच जन्मलंय साहेब, कान उभे राहायला वेळ लागेल." बक्षीस अर्थात गेलं, दुसऱ्याच्या पनीरच्या देवळाला मिळालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा मात्र कुसुमला विचारतो, "उपास असेल ना? बिनदुधाचा चहा चालेल?" ताई, न चिडणारा पुरुष आपल्या घराण्यात कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे हा गुण धरायचा का काही कमी आहे समजायचं, हेच मला कळेना. तरी माझा शब्द, हो. (कुसुम म्हणते, "बहुतेक हो" लिही.)

तुझा,
निंबा

ता. क. चहा देताना तो कुसुमला "मामी" म्हणाला. आम्ही कोण ते आम्ही सांगितलंच नव्हतं! सुरतेत अनोळखी बाईला मासी म्हणतात, मामी कुणी म्हणत नाही.

ता. ता. क. दाजींच्या कानावर न घालता जयश्रीला हळूच विचार. दोघांचं आधीच ठरलं असेल, तर मग तिथे कोण कुणाला बघत होतं? आणि एवढं मात्र नक्की कळव, आम्ही पसंत पडलो का?