नाव सांगा, जन्मतारीख सांगा

अपिया, मंगळवार

ती. लोसाताईस धाकट्या मेनाचा रागावलेला नमस्कार.

ऑकलंडच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? माझे उत्तम आहेत. बिघडलं आहे ते डोकं, आणि ते नर्सिंग कौन्सिलने बिघडवलं आहे.

निवृत्त झाल्यापासून मी दर गुरुवारी आपल्या गावच्या दवाखान्यात लसी टोचते, हे तुला ठाऊकच आहे. मे महिन्यात मी लागीला फ्लूची लस दिली. पुढच्या गुरुवारी ती आईचं औषध न्यायला आली, तर तिची जुळी बहीण समजून मी पुन्हा तिलाच टोचली. (दंड सुजला, बाकी ठणठणीत.) मी नाव आणि जन्मतारीख विचारली नाही म्हणे! अगं, त्यांच्या आईचं बाळंतपण मी केलं, तारीख मला विचारा! बरं, त्या बयेने तरी बोलायचं की नाही? तर म्हणते, ‘सिस्टर, तुमच्या हातात सुई होती. तुमच्यापुढे कोण बोलणार?’

आता सहा आठवडे देखरेखीखाली काम, शेवटी चुकीवर पाचशे शब्दांचं निवेदन; नाहीतर परवाना गेला, आणि माझे गुरुवारही गेले. देखरेखीला कोण? सेफिना! (हीच ती, जिला शिकाऊ नर्स असताना मी एका सकाळी अकरा वेळा हात धुवायला लावले होते.) मांडीवर तक्ता घेऊन दाराशी बसते.

गेल्या गुरुवारी रक्तदाब तपासायला आमचे हे आले.

‘नाव सांगा,’ मी म्हटलं.

‘लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, आज विचारतेस?’

सेफिनाने पेन उचललं.

‘नाव!’

‘योआने.’

‘जन्मतारीख?’

‘तीन ऑगस्ट.’

‘बारा ऑगस्ट!’ मी ओरडले.

‘सिस्टर, उत्तर पेशंटने द्यायचं असतं,’ म्हणत सेफिनाने फुली मारली. दोन आठवडे वाढले. आणि हे मान खाली घालून हसत होते!

तुझी सर्वस्वी निर्दोष,
मेना

ता. क. शाळेत कन्फेशनच्या रांगेत माझी पापं तूच रचून द्यायचीस, आणि फादर किती हळहळायचे! ते पाचशे शब्द महिनाअखेरपर्यंत लिहून पाठव. पश्चात्ताप सढळ हाताने घाल.

आणखी एक ता. क. ह्यांचा बाप्तिस्म्याचा दाखला काढून पाहिला. तीन ऑगस्टच आहे. बारा तारीख ह्यांच्या भावाची. म्हणजे एक्केचाळीस केक मी चुकीच्या दिवशी केले. ‘बोलला का नाहीत?’ विचारलं, तर म्हणाले, ‘तुझ्या हातात सुरी असायची.’

तू काही लिहू नकोस. मीच बसले आहे. सहाशे शब्द झाले, आणि अजून लागीच्या दंडापर्यंत पोचलेच नाही.