कोटाच्या खिशातील पिवळ्या गोळ्या

नरपड, रविवार, १२ नोव्हेंबर २०१७

उद्या डहाणूला लग्न आहे, म्हणून पत्नी सुमती गेल्यानंतर प्रथमच माझा कोट बाहेर काढला. आतल्या खिशात सात पिवळ्या गोळ्या निघाल्या. तिच्या सांध्यांच्या सुजेवरील. स्मृतिभ्रंशाची पांढरी गोळी ती माझ्यासमोर गिळत असे, पिवळी मात्र न गिळता माझ्या खिशात लपवली... तीही मी समोर उभा असताना? एवढा काटेकोर माणूस मी, आणि मला कळले नाही?

संध्याकाळी मुलीला, मेधाला, फोन केला. प्रयोगशाळेत ती वर्षभर एकच रेणू घडवीत आहे. त्याचा एक भाग स्मृतीसाठी, दुसरा सुजेसाठी. दोन्ही जोडले की एक निकामी होतो, म्हणून ती हे काम सोडण्याच्या विचारात होती. पिवळ्या गोळ्यांचे ऐकून ती म्हणाली,

"बाबा, आई मला हळूच सांगायची, ह्यांचे गुडघे दुखतात, पण मेलं औषध म्हणून घेत नाहीत. तुमच्यासाठीच साठवल्या असतील."

अखेरीस सुमतीला माझे नाव आठवत नव्हते. गुडघे आठवत होते.

"दोन्ही औषधं एकाच गोळीत असती, तर सुजेचंही तिच्या पोटात गेलं असतं; तुम्हाला वाटा देता आला नसता तिला," मेधा हसत म्हणाली. रडतही असावी. "उद्या रेणूच्या दोन भागांमधली जोडणी आखूड करून बघते. अजून एकदा."

यश येईलच, असे लिहिणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही आज मला आशा वाटते.

उद्या कोट घालीन. पिवळ्या गोळ्या खिशातच राहू देणार आहे. त्या माझ्या आहेत.