दाराच्या चौकटीवरची बारावी खूण

३ सप्टेंबर

पोचले. शेवटच्या अकरा किलोमीटरना जीपला दीड तास लागला. चालवणारा वनरक्षक सबंध वाटभर शीळ घालत होता. सगळे त्याला दादा म्हणतात, तेव्हा मीही दादाच म्हणेन. पठारावर पोचल्यावर त्याने गाडी थांबवली आणि मला बघू दिलं. क्षितिजापर्यंत सपाट, तपकिरी, ओलं. एकही झाड नाही. मला आवडलं. इथे काही लपू शकत नाही, असं वाटलं.

केंद्र म्हणजे चार खोल्या. माझी खोली पूर्वेची: लोखंडी कॉट, टेबल, पठाराकडची खिडकी. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी माझी बॅग बघून विचारलं की ही राहायला आलीय की नुसती पाणी प्यायला थांबलीय. मॅडम दारातच उभ्या होत्या. कॉलेजात त्यांनी मला दोन वर्षं शिकवलं. आई गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याशेजारी बसल्या होत्या, एक शब्द न बोलता. तेवढंच मला चालण्यासारखं होतं आणि ते त्यांना कळलं होतं. त्यांनी बोलावलं म्हटल्यावर मी दुसऱ्या दोन नोकऱ्यांना नकार कळवला.

इथे एक रीत आहे. नवीन माणूस आलं की उपकरणखोलीच्या दाराच्या चौकटीवर त्याची उंची कोरतात. पाणथळात घालायचे रबरी पोशाख त्या मापाने मागवतात म्हणे. दादाने माझ्या डोक्यावर लाकडी पट्टी धरली. ती तिरकी होती. मी पाणसळ मागवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत पट्टी सरळ करायला लावली. ताई नर्स आहे, ती असती तर म्हणाली असती की उंची सकाळी मोजा, संध्याकाळी नको, तेही सांगितलं. एकशे त्रेसष्ट पूर्णांक पाच. मावशींनी तिथल्या तिथे माझं नाव फूटपट्टी ठेवून टाकलं. सगळे हसले. मीसुद्धा.

चौकटीवर माझ्याआधीच्या अकरा खुणा आहेत. नुसते क्रमांक आणि उंची.

६ सप्टेंबर

काम नीट समजून घेतलं. शंभरेक वर्षांपूर्वी गवत आणि लाकूड पिकवायच्या नादात कुणीतरी सबंध पठारावर चर खणले. पाणी वाहून गेलं, शेवाळ मेलं. खालची काळी माती, पीट, म्हणजे हजारो वर्षांचं दबलेलं शेवाळ, वाळून उडायला लागली. खालच्या शहराचं पाणी याच पठारातून झिरपतं. ते आटत चाललंय. उपाय सोपा आहे: चरांना फळ्यांचे बांध घालायचे, पाणी परत वर आणायचं, शेवाळ पसरू द्यायचं. पठाराचे बारा पट्टे पाडलेत. अकरा परत हिरवे झालेत. बारावा सहा वर्षं बांध घालूनही कोरडाच आहे. तो माझा.

प्रत्येक पट्ट्यात जमिनीत उभी नळी आहे, झाकणाची. तिच्यात टेप सोडून पाणी जमिनीच्या किती सेंटिमीटर खाली आहे ते मोजायचं आणि उणे लिहायचं.

दोन नियम. लाल झेंड्यांच्या ओळीबाहेर पाऊल टाकायचं नाही. जमीन रोज बदलते, दादा रोज सकाळी झेंडे हलवतो. आणि पीटमध्ये मिळालेली कुठलीही वस्तू लगेच मॅडमना द्यायची. त्यांच्या कपाटात एक लाकडी फावडं आहे, चर खणणाऱ्यांच्याही कितीतरी आधीचं. मुठीवर बोटांनी झिजल्याच्या खाचा आहेत. पीट काही कुजू देत नाही, मॅडम म्हणाल्या. अभिमानाने म्हणाल्या.

१४ सप्टेंबर

अकराव्या पट्ट्यातल्या नळीत टेप चाळीस सेंटिमीटरवर अडकली. आत काहीतरी गुंडाळी करून कोंबलेलं होतं, बोटं पोचेनात. नियमाप्रमाणे नोंद केली: नळी तुंबलेली, साफ करावी. मॅडम तेवढ्यासाठी स्वतः चिखल तुडवत गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या की आधीच्या कुणाच्या नजरेतून ते सुटलं असतं. बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

२५ सप्टेंबर

आज मोठं काम झालं. जुन्या सगळ्या नोंदी एका तक्त्यात आणल्या. बांध बहुतेक पट्ट्यांत एकाच वर्षी घातले, पण पाणी लगेच कुठेच चढलं नाही. वर्षानुवर्षं काही नाही, मग एका ठरावीक दिवसापासून वीस-बावीस दिवसांत पाणी थेट वर. अकराही पट्ट्यांत तसंच. पावसाशी संबंध नाही, बर्फाशी नाही. आणि ड्रोनच्या फोटोंत प्रत्येक हिरव्या पट्ट्यात एक लहानसा लांबट खळगा दिसतो. शेवाळ त्याच्यापासून बाहेर पसरत गेलंय.

तक्ता मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचला. म्हणाल्या, इतकी स्वच्छ मांडणी त्यांना एकतीस वर्षांत जमली नव्हती. मग विचारलं, हा आणखी कुणाला पाठवलास का. इथून कसा पाठवणार, मी म्हटलं. इथे फोनच लागत नाही.

४ ऑक्टोबर

बर्फ पडलं की रस्ता बंद होतो आणि टपाल दोन-दोन महिने जात नाही. म्हणून घरच्यांना पत्रं आधीच लिहून ठेवायची, तारीख न घालता. दादाला खाली जायची संधी मिळेल तसतशी तो टाकतो. मी ताईला सहा लिहिली. मी खुशाल आहे, हवा मानवली, काम चांगलं चाललंय. वाचून बघितली तर सगळी सारखीच वाटली. माझी पत्रं नेहमी अशीच असतात. ताई म्हणते की तुझ्या पत्रापेक्षा विजेचं बिल मायेने लिहिलेलं असतं.

मावशींनी पत्रांचा गठ्ठा हातात घेऊन विचारलं की सहाच्या सहा आजच द्यायला हवीत का. मॅडम म्हणाल्या, हो.

१२ ऑक्टोबर

खळगे मोजले. अकराही. झेंड्यांच्या ओळीतून एका वेळी एक, चार दिवस लागले. खोली सगळ्यांची हातभर. रुंदी अर्धा मीटर. लांबी मात्र एकसारखी नाही. १७९.१. १५९. १७२.२. १६६.९. पाण्याने कोरलेले खळगे इतके नेटके नसतात, कडा ढासळतात.

हे आकडे मी कुठेतरी वाचलेत.

१३ ऑक्टोबर

चौकट.

१७८. १५८. १७१. १६५.८.

क्रमसुद्धा तोच. पहिल्या पट्ट्यात पहिली खूण, दुसऱ्यात दुसरी. फक्त प्रत्येक खळगा खुणेपेक्षा एक सेंटिमीटर जास्त, थोडं इकडे-तिकडे. टेपमध्ये दोष असेल म्हणून टेप स्टीलच्या पट्टीवर तपासली. दोष नाही. अकरा वेळा एकाच दिशेने चूक होत नाही. हा जादाचा सेंटिमीटर काय आहे ते कळेपर्यंत मी काही ठरवणार नाही.

१५ ऑक्टोबर

कळलं. दात घासताना कळलं.

ताईनेच सांगितलं होतं. उंची सकाळी घेतली की जास्त भरते. दिवसभर उभं राहून मणके दबतात. आडवं पडून राहिलं की माणूस सेंटिमीटरभर लांबतं.

चौकटीवरची मापं उभ्या माणसांची आहेत. खळग्यांतली —

१८ ऑक्टोबर

मॅडम बांधावर गेल्यावर त्यांचं कपाट उघडलं. किल्ली फावड्याच्या मुठीला टांगलेली असते, लपवलेलीसुद्धा नाही. आत अकरा पाकिटं, वर क्रमांक आणि एक-एक तारीख. त्यांचंच अक्षर, माझी जर्नल्स तपासायचं तेच. अकराही तारखा माझ्या तक्त्यात आहेत: पाणी चढायला लागलं तो दिवस.

पाकिटांत न पाठवलेली पत्रं. बिनतारखेची. मी खुशाल आहे. हवा मानवली. नवव्याने आईसाठी शेवाळाचं चित्र काढलंय. अकराव्या मुलीच्या पाकिटावर लिहिलंय: तीन पाठवली, तीन शिल्लक.

अकराव्या पाकिटात एक वहीही आहे. गुंडाळलेली, ओली होऊन वाळलेली, पानं चिकटलेली. नळीत चाळीस सेंटिमीटरवर होती ती हीच. तिने ती माझ्यासाठी ठेवली होती. मी नियमाप्रमाणे नोंद केली.

बाराव्या पाकिटावर अजून फक्त क्रमांक आहे. आत माझी सहा.

१९ ऑक्टोबर

मॅडमना विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणतील. मला तेवढंच पुरलं असतं.

नाही म्हणाल्या नाहीत. पेन्सिलीला टोक करत सांगितलं. पहिली खूण त्यांच्या नवऱ्याची. तो खरंच घसरला, तीन दिवस शोधत होते. वीस दिवसांनी पहिला पट्टा हिरवा झाला. एकदा झालं तो योगायोग, त्या म्हणाल्या, हे मीच तुला शिकवलंय. खाली तीन लाख माणसं हे पाणी पितात. पठार तुकड्या-तुकड्याने बरं होत नाही, एक पट्टा कोरडा राहिला की बाकीचे अकरा पुन्हा सुकतात.

मग तक्ता माझ्यापुढे ठेवला. तू केलायस, तूच सांग, कुठे चूक आहे.

मी बघितलं. खरोखर बघितलं. चूक नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर त्या शब्दही बोलल्या नव्हत्या, पण दिवसभर बघत होत्या. मला भेटायला कोण कोण येतं. एकटी ताई आली, तीही ड्यूटी संपल्यावर. मला वाटायचं तो दिवस माझा आहे, निदान तेवढा तरी. तेव्हासुद्धा त्या नोंदी घेत होत्या.

रडू आलं नाही. खोलीला आतून कडी नाही हे आज लक्षात आलं.

२० ऑक्टोबर

मावशी मला फूटपट्टी म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत. जेवायला तीन ताटं मांडली, मग चौथं आणलं, माझ्याकडे न बघता.

दादाला गाठलं. सगळं सांगितलं. त्याला माहीत होतं. खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हणाला, जीप नेली तर मॅडमना ऐकू जाईल; उद्या सकाळी पायी जा. बाराव्या पट्ट्यातून आडवं गेलं की दोन तासांत डांबरी रस्ता. झेंडे मी लावून ठेवतो. माझीही बहीण तुझ्याएवढी आहे, म्हणाला. स्वतःचा थर्मास दिला.

तासाभराने बाराव्या पट्ट्यात जाऊन आले, जायची वाट तपासायला. मध्यभागी खळगा आहे. परवा नव्हता. मोजला. १६४.६.

माणूस पडायच्या आधीच —

तरी जाणार. दुसरी वाटच नाही. खळगा कुठे आहे ते मला माहीत आहे, झेंडे त्याला वळसा घालतील.

२१ ऑक्टोबर

सकाळी सात. निघाले. वही सोबत घेतली. धुकं, दहा पावलांपुढचं दिसत नाही. पण झेंडे आहेत. एक संपला की पुढचा. दादाने शब्द पाळला.

७:५०. झेंडे डावीकडे वळतात. रस्ता उजवीकडे असायला हवा. होकायंत्रही उजवीकडेच म्हणतंय. नियम म्हणतो, झेंडे.

मी झेंडे धरले.

८:०५. इथे झेंडे संपतात. पुढे नाही, मागेही — मागचे आत्ता होते. कुणीतरी मागून काढत येतंय. शीळ ऐकू येते. येताना दादा जीपमध्ये घालत होता तीच.

८:१०. घोट्यापर्यंत. घाबरून हालचाल करू नये, आडवं पडावं म्हणजे वजन विभागतं. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी शिकवलं होतं. अडकलीस तर आडवी पड.

पडणार नाही.

८:२५. गुडघे. गार नाही. हे विचित्र आहे, गार नाही. पायाखाली काहीतरी माझ्या मापाचं आहे. नळी हाताशी आहे, टेप सोडली. पाणी: उणे ३१.

८:४०. उणे १९. तक्त्यात याला दिवसच्या दिवस लागले होते. सहा वर्षांत इतकं कधीच —

८:५२. उणे ८. कडेला शेवाळ. मघाशी तपकिरी होतं.

मॅडम आल्यात. धुक्यात उभ्या आहेत, हातात वही. बघतायत. बाकावर बसल्या होत्या तशाच.

ताई, मी गेल्यावर येतील ती पत्रं माझीच आहेत. तुला फरक कळणार नाही. एका तरी पत्रात तुझी आठवण येते असं लिहायला हवं होतं. येत होती. मग पुढच्या पत्रांत ते नसतं तेव्हा तुला —

९:०१. उणे ३. कंबर. पाय आपोआप सरळ होतायत.

वही नळीत ठेवायची नाही. त्या नळ्या तपासतात. जॅकेटच्या आत ठेवते, चेन लावून. इथे काही कुजत नाही. शंभर वर्षांनी कुणीतरी पुन्हा चर खणेल, वही निघेल, मी निघेन. मोजून बघा. चौकटीवरचा आकडा चुकीचा आहे, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. खरी उंची एकशे चौसष्ट पूर्णांक —