घाटात आकडे वाचणारं कोणी

प्रिय आयपेरी,

काझानला पाऊस लागलाय म्हणतेस. इथे कारा-बाल्टात अजून ऊन भाजतंय. शिवणकारखान्यातून तू फोन करतेस तेव्हा मागे मशिनं इतकी खडखडतात, की मी नुसतं 'बरं आहे' म्हणून ठेवून देतो. म्हणून लिहायला बसलो.

आपली टर्बोची गाडी चढावर धापा टाकायची, आठवतं ना? टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते, आणि इंजिनात जायच्या आधी तिला गार करणारा इंटरकूलर पार थकला होता. भंगारबाजारातून मोठा आणला, पुढच्या जाळीमागे बसवला. गॅरेजात येणारी गिऱ्हाइकं म्हणतात, चालवली की कळतंच. ते मला कधी पटलं नाही, तुलाही नाही. कूलरच्या आधी एक आणि नंतर एक असे तापमापक लावले. पण घाटाची वळणं घ्यायची की आकडे बघायचे? ते काम तुझं होतं. एकटा गेलो आणि काहीच न वाचता परत आलो. त्या दिवशी जेवलोही नाही. जेवलास का, असं विचारणारं कुणी नव्हतं.

मग शेजारच्या बुरुलचाला विचारलं. बाजारात नान विकते ती, नवरा गेलेली. म्हणाली, "गाडीला ताप तुमच्या, आणि डॉक्टरीण मी?" तरी आली. पूर्ण चढावर एकसारखी वाचत होती. कूलरच्या आधी एकशे दहा, नंतर चाळीस. बाहेरची हवा बावीस. जुन्या कूलरला, तू वाचायचीस तेव्हा, हेच सत्तर असायचं. ट्रकमागे अडकलो तेव्हा वारा लागेना, आकडा चढला. रस्ता मोकळा झाला तसा झरझर उतरला. कूलर चांगला निघाला, पोरी.

घाटमाथ्यावरच्या बोगद्याच्या अलीकडे थांबून आम्ही तिचं नान खाल्लं, घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस प्यायलो. घरी तुमच्याशी कोण बोलतं, असं तिनं विचारलं. रेडिओ, म्हटलं. ती हसली नाही.

परवा मी तिला लग्नाचं विचारलं. ती एवढंच म्हणाली, "आधी लेकीला विचारा. ती नको म्हणाली, तर मी आपली शेजारीणच बरी." तुझ्या आईच्या वर्षाच्या जेवणाला तू म्हणाली होतीस, या घरात दुसरी बाई नको. मी मान डोलावली होती, मनापासून. आता त्याच शब्दातून तू मला मोकळं करावंस, असं मागतोय. तू नाही म्हणालीस, तर तिला तसं सांगेन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. पण तू हो म्हणावंस, असं मला फार वाटतं.

तुझाच,
बाबा