एकेचाळिसावी

मंगळवार, शाळेतून आल्यावर

गरिबांच्या कोट्यातून लॉटरीनं आलेले पोट्टे मी हजेरीच्या रजिस्टरात शेवटी लिहिते. ऑफिसले त्यांची यादी वेगळी लागते, मले सोपं पडते. बाकीचे अक्षरांच्या क्रमानं. म्हणून गुढ़ियारी वस्तीतली अनिता एकेचाळिसावी, सगळ्यात शेवटची.

आज मधल्या सुट्टीत ती मॅडम बनून हजेरी घेऊन राहिली होती. चाळीस नावं, एकही न चुकता. मग स्वतःचं नाव घेतलं अन् स्वतःच म्हणाली, "प्रेझेंट मॅडम."

मी विचारलं, "अरे, मॅडम तो तुम हो. अपना नाम पहले ले लेती ना?"

"मेरा तो लास्ट में आता है, मॅडम."

एकेचाळिसावी. हे तिले कोणी शिकवलं असेल?

रोज सकाळी मीच तर शिकवते.